आजाऱ्याच्या ताटाचे माप

घरातले माणूस दवाखान्यात दाखल झाले की तासाभरात घरी यखनी चढते. संध्याकाळी इयादतीला येणारे नातेवाईक शहाळी, सफरचंदे, खजूर आणि ग्लुकोजचे पुडे घेऊन येतात. खाटेशेजारच्या लहानशा कपाटात डबे मावत नाहीत. आजाऱ्याची विचारपूस करणे ही आपल्या दीनची शिकवण आहे आणि त्याच्या पोटात चार घास जावेत असे वाटणे ही माया आहे. त्यात वावगे काहीच नाही.

मात्र आजाऱ्याला किती द्यायचे आणि कधी द्यायचे याचे एक माप असते. आम्हाला असे दिसते की हे माप आपण बहुतेक वेळा उलटे लावतो. पहिल्या चार-आठ दिवसांत शरीर अन्न पेलण्याच्या स्थितीत नसते, तेव्हा आपला आग्रह चालू असतो. पुढे महिनाभराने शरीर अन्न मागू लागते, तेव्हा आपण ‘पथ्य’ म्हणून त्याला पातळ पेजेवर ठेवतो. या महिन्याच्या सदरात या मापाविषयी थोडे सविस्तर बोलू.

बाटली म्हणजे जेवण नव्हे

सुरुवात एका मोठ्या गैरसमजापासून करू. “अब्बांनी तीन दिवस काही खाल्लेले नाही,” असे एकजण काळजीने म्हणतो. दुसरा लगेच म्हणतो, “सलाईन चालू आहे ना, त्यातून ताकद मिळतेय.”

साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ असते. त्यातून एकही कॅलरी मिळत नाही. ग्लुकोजची म्हणून जी बाटली लावतात ती बहुधा ५ टक्क्यांची असते, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम साखर. अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम झाली. अशा साखरेच्या एका ग्रॅमपासून ३.४ कॅलरी मिळतात, तेव्हा पूर्ण बाटलीतून मिळाल्या ८५ कॅलरी. एका मध्यम चपातीतून साधारण एवढ्याच मिळतात. दिवसभरात तीन बाटल्या गेल्या तरी अडीचशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिने शून्य. शरीरातले पाणी आणि क्षार सांभाळणे हे त्या बाटलीचे काम आहे आणि ते ती चोख करते. पोट भरणे हे तिचे काम नाही.

यखनीचेही थोडे असेच आहे. यखनी गरम असते, चवीला उतरते आणि कोरड्या घशाला बरी वाटते. पण ती गाळून बोट्या बाजूला काढल्या की प्रथिनांचा बहुतेक वाटा त्या बोट्यांबरोबर जातो. आजारी माणूस वाटीभर यखनी प्यायला म्हणजे ‘मटण खाल्ले’ असे धरता येत नाही. साबुदाण्याच्या खिरीत कॅलरी मिळतात, पण साबुदाण्यात प्रथिने नावापुरतीच. पातळ पेज म्हणजे तर बरेचसे पाणी.

गरज काढायची कशी?

मग माणसाला नक्की किती लागते? याचे उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत हॅरिस आणि बेनेडिक्ट या दोन शास्त्रज्ञांनी केला. त्यांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया यांच्या शरीराला स्वस्थ पडून असताना किती ऊर्जा लागते ते मोजले आणि १९१९ साली त्यावरून सूत्र मांडले. शंभर वर्षे उलटली तरी ते सूत्र आजही दवाखान्यांत वापरात आहे. ही सगळी माणसे निरोगी होती, एवढे मात्र लक्षात ठेवायचे.

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, एक खाला आहेत. वय ६०, उंची १५० सेंटिमीटर, वजन ५० किलो. स्त्रियांसाठीचे सूत्र असे: वजनाला ९.५६३ ने आणि उंचीला १.८५ ने गुणून दोन्ही ६५५.१ मध्ये मिळवायचे आणि वयाला ४.६७६ ने गुणून ते वजा करायचे. उत्तर येते सुमारे ११३० कॅलरी. ही गरज फक्त श्वास, हृदय, मेंदू आणि शरीराची ऊब चालू ठेवण्यापुरती.

१९९० साली मिफ्लिन आणि सहकाऱ्यांनी दुसरे सूत्र दिले. त्याने याच खालांचे उत्तर येते सुमारे ९७७. माणूस तोच, पण दोन सूत्रांत दीडशे कॅलरींचा फरक. गणिताच्या वहीत असे झाले तर एक उत्तर चूक धरावे लागते. इथे दोन्ही बरोबर आहेत, कारण दोन्ही अंदाज आहेत.

त्यात आजार हा अंदाज आणखी हलवतो. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की शरीराचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. मोठ्या भाजण्यात तो फार वाढतो. उलट गुंगीचे औषध देऊन व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या माणसाचा खर्च कमीही होतो. खरा आकडा हवा असेल तर एक यंत्र आहे. रुग्णाने किती प्राणवायू घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला, यावरून ते खर्च झालेली ऊर्जा काढते. युरोपातल्या तज्ज्ञांचा सल्ला आहे की आयसीयूत शक्य असेल तिथे हेच करावे. पण हे यंत्र महाग आहे, थोड्याच ठिकाणी असते. म्हणून खाटेपाशी साधा हिशेब चालतो: दर किलो वजनाला २५ ते ३० कॅलरी. आपल्या उदाहरणातल्या खालांना १२५० ते १५००. प्रथिने गंभीर आजारात दर किलोला १.२ ते २ ग्रॅम, म्हणजे ६० ते १०० ग्रॅम. फार स्थूल माणसाला हा गुणाकार जसाच्या तसा लागू पडत नाही. त्याचा हिशेब वेगळा करतात.

आता या प्रत्येक हिशेबात पहिला आकडा कुठला आहे ते पाहा. वजन. आणि गंभीर आजाऱ्याचे खरे वजन दवाखान्याला बहुधा ठाऊकच नसते. खाटेवरच्या माणसाला उभे करता येत नाही. वजन करणारी खाट असली तरी अंगावर पाण्याची सूज असते आणि काटा चार-सहा किलो जास्त दाखवतो. अशा वेळी कोपर ते मनगट हे अंतर मोजून उंचीचा अंदाज करतात. दंडाचा घेर मोजतात. मोठ्या माणसाच्या दंडाचा घेर साडेतेवीस सेंटिमीटरहून कमी भरला तर तो अशक्त असण्याचा संभव धरतात. पण आजारापूर्वी वजन किती होते आणि सहा महिन्यांत किती उतरले, हे घरचेच सांगू शकतात.

पहिले काही दिवस: थोडेच

आयसीयूत नाकातून पोटात नळी घालतात, तिला राइल्स ट्यूब म्हणतात. रुग्ण तोंडाने खाऊ शकत नसेल आणि पोट-आतडी चालत असतील तर साधारण पहिल्या ४८ तासांत या नळीने अन्न सुरू करावे असा सल्ला आहे. सुरुवातीचे प्रमाण पाहून नातेवाईक हबकतात. “तासाला एवढेसे? एवढ्याने काय होणार?”

या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात मोठा इतिहास आहे. १९६० च्या दशकाअखेर अमेरिकेत डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेवाटे पूर्ण पोषण देता येते हे दाखवले. त्यानंतर काही काळ वारे असे होते की आजार मोठा तर खुराकही मोठा. सूत्राचे उत्तर दीडपटीने, दुपटीने वाढवून दिले जाई. पुढे त्याचे तोटे दिसू लागले. रक्तातली साखर चढते, यकृतावर चरबी साठते आणि जास्त कार्बन डायऑक्साइड तयार झाल्याने व्हेंटिलेटरवरून माणूस सुटायला अडचण येते.

कारण असे की गंभीर आजाराच्या पहिल्या दिवसांत शरीर स्वतःचेच स्नायू मोडून साखर तयार करत असते. बाहेरून अन्न आले म्हणून ते थांबत नाही. मग आतली साखर आणि बाहेरची साखर यांची बेरीज होते. अमेरिकेत फुप्फुसे निकामी होत आलेल्या १००० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पहिले सहा दिवस निम्म्या रुग्णांना अगदी थोडे आणि निम्म्यांना पूर्ण अन्न दिले होते. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या ३००० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासातही पहिल्या आठवड्यात जास्त अन्न दिल्याने जीव वाचण्याचे प्रमाण वाढले नाही. उलट कमी अन्न मिळालेल्यांना उलट्या-जुलाबांचा त्रास कमी झाला आणि ते थोडे लवकर आयसीयूतून बाहेर पडण्याजोगे झाले. म्हणूनच अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेने २०२२ साली पहिल्या सात ते दहा दिवसांसाठी दर किलोला १२ ते २५ कॅलरी एवढी मोकळीक दिली.

तेव्हा तासाला थोडेसे अन्न हा निष्काळजीपणा समजू नये. ते मापून दिलेले असते. त्यात झोपेसाठी शिरेतून दिले जाणारे दुधासारखे पांढरे औषधही मोजतात. ते तेलात बनवलेले असते आणि त्याच्या दर मिलिलिटरमधून १.१ कॅलरी मिळते.

उपाशी माणसाला एकदम वाढू नये

एक धोका प्रत्येक घराला माहीत असायला हवा. माणूस आठ-दहा दिवस जवळजवळ उपाशी असेल किंवा काही महिन्यांत फार वाळला असेल, तर त्याला एकदम भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. उपाशी शरीर चरबीवर चालत असते. अचानक साखर-पिठाचे पदार्थ आले की इन्सुलिन वाढते आणि त्याबरोबर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जातात. रक्तात त्यांची पातळी कोसळते. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिले.

म्हणून अशा रुग्णाला दर किलोला १० कॅलरींपासून सुरू करून चार ते सात दिवसांत हळूहळू वाढवतात, सोबत जीवनसत्त्व बी-१ देतात आणि रक्त वारंवार तपासतात. ५० किलोच्या खालांना म्हणजे पहिल्या दिवशी फक्त ५००. कर्करोग, क्षय, अन्ननलिकेचा आजार, दारूचे व्यसन किंवा दीर्घ नैराश्य यांतून आलेल्या रुग्णाबाबत हे विशेष लागू आहे. “किती दिवसांपासून नीट जेवलेले नाहीत?” या प्रश्नाला “तसे खात होते थोडेफार” असे संकोचाने उत्तर देऊ नये. घरात अम्मी उपाशी राहिल्या हे सांगायची लाज वाटते, हे आम्ही समजू शकतो. पण त्या उत्तरावर पहिल्या दिवसाचे माप ठरते.

नळी, जमजम आणि शंका

नळीतून घरची खीर किंवा मिक्सरमधून काढलेला खिचडा परस्पर घालू नये. नळी तुंबते आणि हिशेब चुकतो. नळी जागेवरून सरकली असेल तर अन्न फुप्फुसात जाते. अन्न चालू असताना रुग्णाचे डोके आणि छाती उंच ठेवलेली असते. आराम वाटावा म्हणून खाट सपाट करू नये.

जमजमविषयी आपल्या भावना आम्ही जाणतो. पण गुंगीतल्या माणसाला गिळता येत नाही आणि तोंडात टाकलेले चार थेंबही श्वासनलिकेत उतरू शकतात. आधी नर्सला विचारावे. बहुधा ओल्या कापसाने ओठ पुसायची परवानगी मिळते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, ते मूत्रपिंडाच्या रुग्णाला घातक ठरू शकते.

नळीच्या तयार अन्नातले घटक हलाल आहेत की नाही अशी शंका आली तर डबा मागून त्यावरचे घटक वाचावेत, आहारतज्ज्ञांना पर्याय विचारावा आणि गरज पडली तर जाणत्या आलिमांचा सल्ला घ्यावा. कुणाला न सांगता अन्न बंद करणे मात्र बरोबर नाही.

आजाऱ्याला बळजबरीने खाऊ-पिऊ घालू नये, अशी शिकवण तिरमिजी आणि इब्न माजा यांच्या हदीससंग्रहांत आली आहे. तशीच हजरत आयेशा (रजि.) आजारी आणि दुःखी माणसाला तलबीना, म्हणजे सातूच्या पिठाची पातळ खीर, द्यायला सांगत, हे सहीह बुखारीत आहे. दोन्ही एकत्र वाचले की रीत कळते. आग्रहाने कोंबायचे नाही आणि उपाशीही सोडायचे नाही. पोटाला झेपेल असे हलके काही समोर ठेवायचे.

वॉर्डात आणि घरी: आता कमी नको

आयसीयूतून बाहेर आले की चित्र पालटते आणि इथेच आपले लक्ष सुटते. पाहुणे कमी होतात, “आता धोका टळला” म्हणून डबाही अनियमित होतो. पण गंभीर आजारात मांडीचा स्नायू किती झिजतो ते इंग्लंडमध्ये मोजले गेले आहे. २०१३ च्या त्या अभ्यासात दहा दिवसांत तो जवळपास १८ टक्क्यांनी घटलेला आढळला. माणूस खाटेवरून उठून गुसलखान्यापर्यंत जाऊ शकत नाही त्याचे एक कारण हे. हे स्नायू परत भरायचे ते आता.

वॉर्डातल्या रुग्णांबाबत २०१९ साली स्वित्झर्लंडमधून महत्त्वाचा अभ्यास आला. आठ रुग्णालयांतले दोन हजारांवर रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे रुग्णालयाचे जेवण. उरलेल्या निम्म्यांची गरज प्रत्येकी वेगळी काढली. त्यासाठी वापरले तेच १९१९ चे सूत्र. प्रथिने दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम धरली आणि ती गरज पूर्ण व्हावी यासाठी आहारतज्ज्ञांनी रोज पाठपुरावा केला. तीस दिवसांत नेहमीच्या जेवणाच्या गटात १० टक्के, तर मोजून दिलेल्या गटात ७ टक्के रुग्ण दगावले. नवे औषध नव्हते, यंत्र नव्हते. सूत्र जुने होते, फक्त ताटाकडे रोज कुणीतरी पाहत होते.

हे काम घरचा माणूसही करू शकतो. दुपारी ट्रे परत जाण्यापूर्वी वहीत लिहावे: पूर्ण, अर्धे, पाव की काहीच नाही. तीन दिवस सलग अर्ध्याहून कमी गेले तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.

घरी सोडताना दोन आकडे विचारून घ्यावेत: रोज किती कॅलरी आणि किती ग्रॅम प्रथिने? मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल तर हे विचारल्याशिवाय काहीही ठरवू नये. बाकी आपल्या खालांना ६० ग्रॅम प्रथिने सांगितली असतील तर ती घरच्याच जेवणात बसतात: दोन अंडी १२ ग्रॅम, दोन पेले दूध सुमारे १३, दोन वाट्या घट्ट डाळ १० ते १२, पाऊणशे ग्रॅम शिजलेले चिकन किंवा मासा १८ च्या आसपास आणि चार चपात्यांतून आणखी १० ते १२. एकदम झेपत नाही म्हणून सहा वेळा थोडे थोडे द्यावे. यखनी द्यायचीच तर बोटी बारीक करून तिच्यातच घालावी. पेजेत डाळ शिजवावी, वरून चमचाभर तूप सोडावे. आठवड्याला एकदा त्याच काट्यावर वजन करावे.

या काळात रमजान आला तर डॉक्टरांना आधी विचारावे. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेताना आजाऱ्याला अपराधी वाटू देऊ नये.

एक कागद

शेवटी एक लहानसे काम. घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकासाठी आणि ज्यांना मोठा आजार आहे त्यांच्यासाठी एक कागद आजच तयार करावा. त्यावर उंची, आजचे वजन आणि तारीख लिहावी. मधुमेह, मूत्रपिंड, यकृत, हृदय यांपैकी काय आहे ते आणि चालू गोळ्या लिहाव्यात. दात, गिळण्याचा त्रास, कशाची ॲलर्जी हेही लिहावे. दर तीन महिन्यांनी वजन पुन्हा टाकावे. घरात काटा नसेल तर बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, अंगठी ढिली झाली, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले, या खुणा लिहिल्या तरी चालतील. हा कागद औषधांच्या डब्यातच ठेवावा, म्हणजे रात्री-अपरात्री दवाखान्यात धावताना तो सोबत जाईल. इयादतीला जाणाऱ्यांनी डबा नेण्याआधी एक फोन करून “काय चालेल?” एवढे विचारावे.

अल्लाह तआला सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि त्यांची खिदमत करणाऱ्यांना सब्र आणि ताकद देवो. आमीन.